पूल, ताफा आणि ३० मिनिटं

‘डीसीएस वर्ल्ड’ हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर संगणकावर फुकट उतरवून घेता येतो. त्याच्यासोबत कॉकेशसचा नकाशा मिळतो, जमिनीवरची लक्ष्यं टिपणारं सुखोई-२५टी हे विमान मिळतं, आणि बहुतेक जण उघडूनही पाहत नाहीत असा मिशन एडिटरही मिळतो. ईगल डायनॅमिक्स ही तो बनवणारी कंपनी १९९५ सालच्या ‘सु-२७ फ्लँकर’पासून खेळासोबत हे अवजार देत आली आहे. तयार मिशनं संपली की हौशी मंडळी त्याकडे वळतात, आणि मग पुष्कळदा विमान उडवण्यापेक्षा मिशन रचण्यातच रमतात.

नवशिक्याचं पहिलं मिशन बहुधा एकाच साच्याचं असतं. उघड्या माळावर २० रणगाडे ओळीत उभे, आणि वरून आपण. पाच मिनिटांत सगळे जळून खाक, आणि दहाव्या मिनिटाला कंटाळा. शत्रूची संख्या वाढवून हे सुधारत नाही. वैमानिकाला काहीतरी ठरवावं लागलं पाहिजे, आणि ते ठरवणं त्याला जड गेलं पाहिजे. त्यासाठी रचनाकाराला आधी शत्रूचा सेनापती व्हावं लागतं.

वेळेचं गणित

एक साधं उदाहरण घेऊ. पश्चिम जॉर्जियात झुगदिदी शहराजवळ एंगुरी नदीवर पूल आहे. गालीच्या बाजूने शत्रूचा ताफा त्या पुलाकडे निघालाय, आणि तो पूल ओलांडण्याआधी त्याला रोखायचंय. आपलं विमान कुताइसीच्या विमानतळावर. ताफा पुलापासून १५ किलोमीटर अलीकडे ठेवला आणि वेग ताशी ३० ठरवला, तर त्याला अर्धा तास लागतो. कुताइसी ते झुगदिदी हवाई अंतर सुमारे ६० किलोमीटर. ताशी ५०० च्या वेगाने आठेक मिनिटांचा प्रवास. इंजिन चालू करणं, टॅक्सी, उड्डाण हे सगळं धरूनही वैमानिकाच्या हातात थोडा वेळ उरतो. तो किती उरू द्यायचा, यावर मिशनचा ताण ठरतो.

घड्याळात आणखीही एक गोम आहे. कुताइसी लक्ष्याच्या आग्नेयेला आहे. सकाळचं मिशन ठेवलं तर सूर्य वैमानिकाच्या पाठीशी राहतो. संध्याकाळचं ठेवलं तर तोच सूर्य थेट डोळ्यांवर येतो आणि रस्त्यावरच्या गाड्या शोधणं कठीण होतं. एकही शत्रू न वाढवता मिशन अवघड झालं.

धोक्याची वर्तुळं

एडिटरच्या नकाशावर विमानभेदी शस्त्रांचा पल्ला वर्तुळाने दिसतो. शिल्का या चार नळ्यांच्या २३ मिलिमीटर तोफेचा पल्ला अडीच किलोमीटरच्या आसपास. स्त्रेला-१० हे उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र साधारण ५ किलोमीटरवर मारा करतं. सुखोई-२५टीचं विखर हे लेझरच्या झोतावरून जाणारं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र ८ किलोमीटरवरूनही सोडता येतं. म्हणजे ताफ्यासोबत फक्त शिल्का आणि स्त्रेला असतील, तर संयमी वैमानिक लांबूनच काम उरकेल. घाई करून तोफेचा मोह धरणारा मात्र मार खाईल.

आता पुलापलीकडे तोर ही रडारवर चालणारी विमानभेदी क्षेपणास्त्र-गाडी ठेवा. तिचा पल्ला १२ किलोमीटरचा, विखरपेक्षा जास्त. तिच्या रडारवर जाणारं क्षेपणास्त्र हवं असेल तर विमानाच्या पोटाखाली ‘फँटस्मागोरिया’ हा शोधक पॉड लावावा लागतो. रात्री पाहण्यासाठी लागणारा ‘मर्क्युरी’ पॉडही नेमका त्याच जागी बसतो. दोन्ही एकदम नेता येत नाहीत. त्यामुळे रात्रीची वेळ आणि तोर एकत्र ठेवली, तर एकट्या वैमानिकापुढे तुम्ही पेच टाकलात. मग सोबतीला दुसरं विमान द्या, किंवा डोंगराआडून खालून येण्याची वाट मोकळी ठेवा. पेच टाकावा, पण सुटण्याची एक तरी वाट असल्याची खात्री करूनच.

धोका उंची ठरवतो, हे कारगिलच्या वेळी आपल्या हवाई दलाने प्रत्यक्ष भोगलं. १९९९ च्या मे महिन्यात, २७ तारखेला एक मिग-२१ आणि २८ तारखेला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांना बळी पडलं. त्यानंतर हल्ले त्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेरच्या उंचीवरून होऊ लागले आणि २४ जूनला मिराज-२००० विमानांनी टायगर हिलवर लेझरमार्गदर्शित बॉम्ब टाकले. खऱ्या युद्धात ज्याची किंमत माणसांनी मोजली, ते एडिटरमध्ये ढगांची उंची बदलून समजून घेता येतं. ढग १,५०० मीटरवर आणले की वैमानिकाला उंचीचा आसरा उरत नाही, कारण ढगांतून ना लक्ष्य दिसतं ना लेझर पोहोचतो.

ट्रिगर

मिशनला जिवंतपणा येतो तो ट्रिगरमुळे. त्याची रीत सोपी आहे: अमुक घडलं तर तमुक कर. पुलाभोवती एक झोन आखायचा. ताफ्यातली एखादी गाडी त्यात शिरली की एक फ्लॅग चालू होतो, आणि ‘ताफा पुलावर पोहोचला’ असा संदेश झळकतो. क्षेपणास्त्रधारी सैनिक आधीपासून गावात लपवून ठेवायचे, त्यांना गोळीबार न करण्याचा हुकूम द्यायचा आणि पहिला ट्रक उडाला की तो हुकूम उठवायचा. विमानासमोर अचानक रिकाम्या जागेतून सैनिक उगवले तर वैमानिकाला फसवल्यासारखं वाटतं. आधीच तिथे होते म्हटल्यावर तो स्वतःच्या टेहळणीला दोष देतो.

प्रत्येक तुकडी हजर असण्याची शक्यता टक्क्यांत ठरवता येते. तोर ५० टक्क्यांवर ठेवली, की मिशन दुसऱ्यांदा खेळणाऱ्यालाही आधीच्या अनुभवावर विसंबता येत नाही. याच्याही पुढे ज्यांना जायचंय, ते लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहितात. ‘मिस्ट’ आणि ‘मूस’ ही तयार संकलनं त्यासाठीच आहेत.

चाचणी

कागदावर चोख वाटलेलं मिशन चाचणीत हमखास घोळ घालतं. जमिनीवरच्या गाड्यांना ‘हल्ला झाल्यास पांगा’ असा एक पर्याय असतो. तो चालू राहिला तर पहिल्या स्फोटानंतर ताफा रस्ता सोडून पांगतो, ठरवलेली सेकंदं थांबतो, आणि अर्ध्या तासाचं सगळं गणित कोलमडतं. यावर तोडगा दोन प्रकारचा: पर्याय बंद करायचा, नाहीतर तो थांबा वैमानिकाचं बक्षीस मानून वेळ आधीच कमी धरायची. दुसरा मार्ग जास्त चांगला, कारण त्यात पहिला नेम कुणावर धरायचा याला अर्थ येतो. ताफ्याचं तोंड फोडायचं की आधी शिल्का उडवायची?

सुरुवात करणाऱ्याने एक रस्ता, एक पूल, एक ताफा एवढ्यावरच थांबावं आणि ते मिशन स्वतःखेरीज आणखी दोघांना उडवायला द्यावं. दोघांनीही एकाच दिशेने येऊन एकाच शस्त्राने काम फत्ते केलं, तर पुन्हा नकाशा उघडावा. एकाने लांबून विखर सोडली, दुसरा दरीतून खालून आला, आणि नंतर कोणाचं बरोबर यावर दोघे भांडत बसले, तर मिशन जमलं.