वरण-भात दोघांचा!
नव्या संसारात स्वयंपाक येत नाही म्हणून रडकुंडीला येऊ नका, आणि ‘ह्यां’ना नुसते ताटावर बसवू नका. आयतं खाऊन नावं ठेवणं सोपं असतं! त्यांनाही ओट्याशी बोलवा.

सुरुवात वरण-भातानं करा. वाटीभर तूरडाळीला अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हिंग. तांदळाला दुप्पट पाणी. आज डाळ-तांदूळ त्यांनी धुवावेत, फोडणी तुम्ही करावी, उद्या उलट. मोहरी तडतडल्यावरच जिरं घाला. हळद शेवटी, नाहीतर करपते.

अंदाज नसला तरी अडत नाही. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्यांची मापं दिली आहेत. ती दोघांनी वाचावीत.

एखादे दिवशी भात लागलाच, तर तो दोघांचा. एकटीनं बोल का ऐकायचे?