थांबलेलें घड्याळ आणि जुना संगणक

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. अशा कारखान्यांशीं ज्या घरांचा संबंध आला, त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको: कोठारांत नुसती पडून राहिलेली वस्तूहि जुनी होत असते. रासायनिक क्रिया आपल्या सवडीची वाट पाहत नाहीं. आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे, ती दारूगोळ्याइतकी भयंकर नाहीं. ती बोटाच्या पेराएवढी एक बॅटरी आहे. परंतु माळ्यावर जपून ठेवलेल्या जुन्या घरगुती संगणकाचा घात पुष्कळदां तिच्याच हातून होतो.

आय. बी. एम. कंपनीचा 'एटी' संगणक १९८४ सालीं निघाला. त्याच्या नमुन्यावर बनलेले २८६ व ३८६ जातीचे संगणक पुढील दहा वर्षांत आपल्याकडील कचेऱ्यांत, छापखान्यांत आणि कांहीं घरांतहि आले. खडकीशेजारीं गणेशखिंडींत सी-डॅक ही संस्था १९८८ पासून काम करूं लागली, आणि तिच्या 'जिस्ट' तंत्रामुळें अशा यंत्रांच्या पडद्यावर मराठी अक्षरें उमटूं लागलीं. तेव्हां अशा एखाद्या पेटींत कोणाचा प्रबंध, कोणाची कवितांची वही, कोणाच्या वडिलांचीं पत्रें अजून असूं शकतील. म्हणून हा विषय केवळ हौशी मंडळींचा नव्हे.

संगणकाची वीज तोडली, तरी दुसऱ्या दिवशीं त्यास तारीख व वेळ ठाऊक असते, हें कसें? त्याच्या पोटांत एक लहानसें घड्याळ असतें. त्यांतील स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक उरतो, आणि सेकंद मोजला जातो. याच घड्याळाच्या चकतींत थोडी स्मरणशक्तिहि असते. घड्याळ व स्मरण मिळून अवघे ६४ बाइट. पण हार्ड डिस्क कोणत्या प्रकारची, फ्लॉपी कोणती, याची नोंद तेथेंच राहते. वीज नसतांना या दोहोंस जिवंत ठेवण्याचें काम बॅटरीचें.

अनेक यंत्रांत ही बॅटरी निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची, मुख्य फलकावरच डाखलेली असते. यंत्र चालू असतां ती भरते. वर्षानुवर्षें पडून राहिली म्हणजे सांध्यांतून तिच्यांतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरूं लागतो. हा तीव्र अल्कली तांब्याच्या केसासारख्या रेषा कुरतडतो. फलकावर पांढरा वा हिरवट थर दिसतो. कळफलकाची जोडणी पुष्कळदां जवळच असते, म्हणून प्रथम कळा मुक्या होतात. एवढ्यावरून यंत्र मेलें असें समजूं नये. हार्ड डिस्कवरील मजकूर या बॅटरीवर अवलंबून नसतो.

आतां उपाय. यंत्र चालत असेल, तर आधीं हार्ड डिस्कच्या प्रकाराचा आंकडा व इतर नोंदी कागदावर उतरून घ्याव्या. बॅटरी आधींच संपली असेल, तर डिस्कवरील चिठ्ठी पाहावी. मग तार भिंतींतून काढून पेटी उघडावी. वीजपुरवठ्याची बंद डबी मात्र उघडूं नये. हातमोजे घालून, डाख उतरवून बॅटरी काढावी. पाझर झाला असल्यास कापसाच्या बोळ्यानें थोडा शिरका, म्हणजे व्हिनेगर, लावावा. त्यांतील सौम्य आम्ल अल्कलीस मारतें. मागाहून शुद्ध केलेलें पाणी, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळवणें. पावसाळ्याच्या दमट हवेंत वाळविण्याची घाई करूं नये.

नवी बॅटरी निवडतांना सावध असावें. बाजारांत मिळणारी सीआर २०३२ ही लिथियमची चकती ३ व्होल्टची असते. ती पुन्हां भरतां येत नाहीं. जुन्या जागीं ती तशीच जोडली, तर फलक तिला भरूं पाहील आणि ती फुटूं शकेल. मध्यें एक डायोड, म्हणजे विजेस एकाच दिशेनें वाट देणारा दरवान, बसविलाच पाहिजे. पुष्कळ फलकांवर बाहेरील बॅटरीसाठीं चार टोकांची जागा असते. माहितीपुस्तक पाहून तिचा उपयोग केल्यास डाखकामहि वाचतें. कोणतीहि बॅटरी तारेनें फलकापासून दूर ठेवावी, म्हणजे पुढें ती पाझरली तरी रेषा वाचतील.

काढलेली बॅटरी केरांत टाकूं नये. कॅडमियम विषारी आहे, आणि २०२२ च्या नियमांप्रमाणें अशा बॅटऱ्या निराळ्या गोळा करावयाच्या असतात.

हें सर्व करण्याची सवड आज नसेल, तर निदान बॅटरी काढून ठेवावी. घड्याळ थांबेल, आणि यंत्र १९८० सालची १ जानेवारी दाखवील. त्यानें कांहीं बिघडत नाहीं. तारीख पुन्हां घालतां येते. कुरतडलेल्या रेषा एकेक तार जोडून सांधाव्या लागतात, आणि तितकें करूनहि यंत्र उठेलच असें नाहीं.