दायमाबादचा गेंडा, उशेगावचं मेण

चाकांवर उभा असलेला एक गेंडा. कांस्याचा, भरीव, १९ सेंटिमीटर उंच. त्याच्यासोबत एक हत्ती, एक म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. रथात माणूस उभा आहे, आणि पुढच्या दांड्यावर चक्क एक कुत्रा! १९७४ साली नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला, प्रवरेच्या काठी, एक भिल्ल शेतकरी झाडाचं मूळ खणत असताना हा सगळा ऐवज बाहेर आला. चारही शिल्पांचं एकत्रित वजन ६० किलोहून जास्त. हडप्पा म्हटलं की आपण थेट सिंध-पंजाबकडे बघतो, पण हडप्पा लोकांची दक्षिणेकडची सर्वांत लांबची वस्ती ती हीच, श्रीरामपूर तालुक्यातली.

आता आदिलाबादकरांसाठी खास गोष्ट. प्रवरा टोक्याला गोदावरीला मिळते आणि तीच गोदावरी पुढे बासरच्या सरस्वतीपाशी येते. म्हणजे दायमाबादच्या टेकाडाखालून वाहिलेलं पाणी आपल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात उतरतं. जिल्ह्यात हडप्पांची नगरं नाहीत, पण त्यांच्या जगण्यातल्या बऱ्याच गोष्टी इथे आल्यावर ओळखीच्या वाटतात. त्यातल्या काही घ्या.

मेण जातं, मूर्ती राहते

मोहेंजोदडोची ‘नर्तकी’ सगळ्यांना माहीत आहे. हातभर बांगड्या, कमरेवर हात, मान जरा ताठ. प्रत्यक्षात ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे. ती ज्या पद्धतीने घडवली, तीच पद्धत आजही उशेगाव आणि केसलागुड्यातल्या ओझा, म्हणजे वोज समाजाच्या कारागिरांच्या हातात आहे. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा ही गावं कुमुरम भीम आसिफाबादमध्ये गेली, पण कलेचं नाव मात्र ‘आदिलाबाद डोकरा’च राहिलं.

आधी मातीचा गाभा करायचा. मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून त्याचे बारीक धागे ओढायचे आणि ते गाभ्यावर गुंडाळत, चिकटवत मोर, हत्ती, देव असं जे काय हवं ते रूप उठवायचं. त्यावर आधी मऊ मातीचा लेप, मग जाड मातीचा. भट्टीत तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी वितळलेलं पितळ शिरतं. मूर्ती हवी तर साचा फोडावाच लागतो. म्हणून एका मूर्तीसारखी दुसरी मूर्ती कधीच होत नाही. गोंडांच्या देवाधर्मातल्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या याच कारागिरांनी ओतल्या. २०१८ साली या कलेला भौगोलिक मानांकन मिळालं. मला विचाराल तर शाळेच्या सहली संग्रहालयाआधी उशेगावला न्याव्यात. काचेमागची नर्तकी कशी घडली ते तिथे डोळ्यांसमोर दिसतं.

दायमाबादच्या शिल्पांवर अभ्यासकांचा वाद आहे, तोही सांगायला हवा. त्यांच्या धातूत एक टक्क्याहून जास्त अर्सेनिक निघालं. त्या काळच्या इतर वस्तूंशी हे जुळत नाही, म्हणून डी. पी. अगरवाल यांनी ती बरीच नंतरची ठरवली. म. के. ढवळीकरांनी मात्र त्यांना उत्तर हडप्पा काळातलीच मानलं. वस्तीबद्दल असा वाद नाही. कांस्य बाजूला ठेवलं तरी तिथल्या उत्खननात हडप्पा लिपीतली अक्षरं कोरलेली खापरं आणि बटणाच्या आकाराच्या मुद्रा मिळाल्या आहेत. एका थडग्याला विटांचं अस्तर आहे आणि त्या विटांचं प्रमाण ४:२:१ आहे. लांबी उंचीच्या चौपट, रुंदी दुप्पट. हडप्पात तेच माप, धोलावीरात तेच, आणि प्रवरेच्या काठीही तेच.

कापूस मुंबईत तपासला गेला

मोहेंजोदडोत चांदीच्या एका भांड्याला कापडाचा तुकडा चिकटलेला सापडला. तो नक्की कशाचा? १९२०च्या दशकात त्याची तपासणी झाली ती मुंबईत, माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेत. गुलाटी आणि टर्नर या दोघांनी ठरवलं की हा खरा कापूस आहे आणि आपल्या देशी कापसाच्या जातकुळीतला आहे. नांदेड-आदिलाबादच्या काळ्या रानातल्या जुन्या शेतकऱ्यांना ‘गावराणी’ कापूस आठवत असेल. तोही याच देशी वंशाचा. बीटी वाण आले आणि गावराणी मागे पडला. सूत काढणं, विणणं, रंगवणं हे सगळं हडप्पा लोकांना साडेचार हजार वर्षांपूर्वी येत होतं.

वांग्याची भाजी, हळद-आलं घालून

हरियाणातल्या फरमाना इथल्या हडप्पा वस्तीचं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी उत्खनन केलं. तिथल्या भांड्यांना आणि माणसांच्या दातांना चिकटून राहिलेले स्टार्चचे कण अरुणिमा कश्यप आणि स्टीव्ह वेबर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात काय निघावं? हळद, आलं, वांगं. टोमॅटो नाही, बटाटा नाही, मिरची नाही, कारण ही तिन्ही अमेरिकेतली आणि इथे आली ती पोर्तुगीजांच्या नंतर. म्हणजे तिखट नसलेलं, पण हळदीने पिवळं झालेलं वांगं. करून बघा, सोपं आहे.

विहिरी, नाल्या आणि सोळाचा हिशोब

मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात, असा मायकेल यान्सेन या अभ्यासकाचा अंदाज आहे. विहिरीच्या विटा पाचरीच्या आकाराच्या, आत निमुळत्या. गोलाकार बसवल्या की मातीचा दाब त्यांना आतल्या आत आवळून ठेवतो आणि भिंत आत कोसळत नाही. घरोघरी न्हाणीघर, तिथलं सांडपाणी रस्त्याच्या झाकलेल्या नालीत, नालीत मधेमधे गाळ काढायला खड्डे. आजही कितीतरी गावांत नाली उघडीच असते, हे वाचताना मनाला टोचतं. आणि गंमत अशी की एवढ्या मोठ्या शहरात राजवाडा म्हणावा अशी इमारत नाही, नि:संशय देऊळ म्हणावं असंही काही नाही. पण १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद स्नानकुंड मात्र आहे. पाणी झिरपू नये म्हणून त्याच्या भिंतीत डांबराचा थर दिला होता.

कच्छच्या कोरड्या मुलखात धोलावीरा वसवताना त्यांनी मनसर आणि मनहर या दोन ओढ्यांचं पाणी मोठमोठ्या तळ्यांत अडवलं. २०२१ साली धोलावीराला जागतिक वारसा स्थळाचा मान मिळाला.

वजनं चर्ट दगडाची, घनाकार, गुळगुळीत. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट होत जातात आणि सोळाचं वजन साधारण १३.७ ग्रॅमचं. सिंधपासून गुजरातपर्यंत तेच. बाजारात माप मारलं जात नसावं, असं यावरून वाटतं. निदान मारणं अवघड होतं!

तान्हा पोळा

मातीची बैलगाडी, पक्ष्याच्या आकाराची शिट्टी, दोरी ओढली की मान हलवणारा बैल, दोरीवर वरखाली सरकणारं माकड. मुलांच्या खेळण्यांवर या लोकांनी मन लावून काम केलेलं दिसतं. पैनगंगेच्या पलीकडे विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांचे लाकडी बैल दोरीने ओढत मिरवतात. दायमाबादचा चाकांवरचा प्राण्यांचा तांडा पाहिला की तीच मिरवणूक आठवते. फक्त तिथला हत्ती कांस्याचा आहे आणि तो उचलायला मोठी माणसं लागतील.

लिपीचं कोडं आणि गुंजाळा

हडप्पा मुद्रांवरच्या चिन्हांची यादी इरावतम महादेवन यांनी १९७७ साली छापली, त्यात ४१७ चिन्हं आहेत. मजकूर मात्र अगदी तोकडा, सरासरी पाच चिन्हांचा. लिहायचे उजवीकडून डावीकडे. भाषा कोणती? महादेवन आणि फिनलंडचे आस्को पारपोला यांच्या मते द्रविड कुळातली. इथे आपला जिल्हा एकदम चित्रात येतो, कारण गोंडी आणि कोलामी या द्रविड भाषा आपल्या शेजारी रोज बोलल्या जातात. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी तर मुद्रा गोंडीतून वाचता येतात, असं पुस्तकच लिहिलं. अभ्यासकांनी ते वाचन मान्य केलेलं नाही, पण प्रश्न विचारण्याची कंगालींची जिद्द मला आवडते. नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावात गोंडीची स्वतंत्र लिपी जुन्या हस्तलिखितांत सापडली आणि २०१८ साली युनिकोडमध्ये दाखल झाली. ती हडप्पाची नाही, बरीच अलीकडची आहे. पण हस्तलिखितं घरात जपली म्हणून एक लिपी हाताशी राहिली, हे आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिलं. हडप्पा लिपी उलगडणाऱ्याला तमिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं आहे.

त्या लोकांशी बोलायला दुभाषा लागायचा, याचाही पुरावा आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेसोपोटेमियातली एक दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावर शू-इलिशू नावाच्या माणसाचा उल्लेख आहे: मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा. मेलुह्हा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश, असं बहुतेक विद्वान मानतात. मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू अशा चार भाषांत एकाच दिवशी बाजार करणाऱ्या आदिलाबादकराला शू-इलिशूचं काम लगेच समजेल.

पुणे, पंढरपूर, मोहेंजोदडो

सिंध १९३६पर्यंत मुंबई इलाख्यात होता, त्यामुळे मोहेंजोदडोचा कारभार पुरातत्त्व खात्याच्या पुण्यातल्या पश्चिम मंडळाकडे असे. १९११-१२ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकर तिथे जाऊन आले. एवढे मोठे विद्वान, पण विटा नव्या धर्तीच्या दिसल्या म्हणून त्यांनी ती जागा फार तर दोनशे वर्षांची ठरवली. पुढे त्याच मंडळाचे राखालदास बॅनर्जी तिथे गेले आणि १९२२ मध्ये खोदायला लागले. २० सप्टेंबर १९२४ला जॉन मार्शल यांनी लंडनच्या एका साप्ताहिकात या संस्कृतीची बातमी जगाला दिली.

त्यानंतरच्या खोदकामात पंढरपूरला जन्मलेले काशिनाथ नारायण दीक्षित होते. शेला पांघरलेला, अर्धवट डोळे मिटलेला, साडेसतरा सेंटिमीटरचा तो प्रसिद्ध ‘पुरोहित-राजा’ १९२५-२६ मध्ये त्यांच्याच उत्खननात मिळाला. पुढे १९३७ ते १९४४ ते पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. मोहेंजोदडोच्या नकाशावर शहराच्या एका भागाला जगभरचे अभ्यासक अजूनही ‘डीके एरिया’ म्हणतात. ती दीक्षितांच्या नावाची अक्षरं आहेत.