चार जण अंगावर आले तर?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरातली नववीतली मुलगी शाळेत शिकलेले स्वसंरक्षणाचे डाव दाखवत होती. मनगट धरले तर कसे सोडवायचे, मागून कवळ घातली तर कोपर कुठे मारायचे. आम्ही सगळे कौतुकाने पाहत होतो. तेवढ्यात ओसरीवर बसलेल्या नानींनी विचारले, "बेटा, एकानं धरलं तर ठीक आहे. पण चौघं आले आणि हातात चाकू असला तर?"

पोर गप्प झाली. खरे सांगायचे तर आम्हीही गप्प झालो.

त्याच दिवशी अस्रनंतर अंगणात एक प्रयोग केला. तिच्या तीन चुलतभावांच्या हातात वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या दिल्या आणि त्यांची टोके कपड्यांच्या निळीत बुडवली. मुलीला अब्बांचा जुना पांढरा कुर्ता घालायला दिला. सुरळी म्हणजे चाकू. अंगाला लागली की निळा डाग. प्रत्येक खेप वीस सेकंदांची.

पहिल्या खेपेला ती शिकल्याप्रमाणे उभी राहून लढली. कुर्त्यावर अकरा डाग. त्यातले बहुतेक पाठीवर, दोन मानेजवळ. मग तिचा मोठा भाऊ पुढे आला. तो रोज जोर-बैठका काढणारा. त्याने एकाला चांगले पकडले, पण तो धरून ठेवेपर्यंत उरलेल्या दोघांनी मागून नऊ डाग उठवले. तिसऱ्या खेपेला आम्ही मुलीला सांगितले, "कुणाला मारायचं नाही. मधे बाज आडवी घाल, ओरड आणि फाटकाबाहेर नीघ." हातावर एकच डाग. चौथ्या खेपेला पोरे तीन पावलांवर येईपर्यंत तिने वाट पाहिली नाही, ती फाटकातून आत शिरताना दिसताच ती मागच्या दाराने निघाली. कुर्ता तसाच पांढरा राहिला.

नानी म्हणाल्या, "झालं की उत्तर."

सिनेमातली मारामारी आणि खरी

सिनेमात गुंड एकेक करून पुढे येतात आणि उरलेले आपली पाळी येईपर्यंत थांबतात. प्रत्यक्षात कुणी थांबत नाही. एक समोरून गुंतवतो आणि वार बाजूने किंवा मागून होतो. पाठीवर सर्वांत जास्त डाग का, याचे उत्तर हेच आहे. माणसाला दोन डोळे, आणि दोन्ही पुढेच.

दुसरी गोष्ट अंतराची. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक साधे निरीक्षण मांडले. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि तेवढाच वेळ तयार पोलिसाला पिस्तूल काढून गोळी झाडायला लागतो. २१ फूट म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या अडीच ऑटोरिक्षा. शस्त्र असलेल्या, शिकलेल्या माणसाची ही गत, तर रिकाम्या हाताने चाकू पकडण्याचे डाव आठवायला आपल्याला किती वेळ मिळणार?

म्हणून जे प्रशिक्षण चार हत्यारबंदांना लोळवायला शिकवतो म्हणते, त्यापासून जपावे. आंधळ्या भरवशापेक्षा साधी भीती बरी, ती निदान पायांना हलवते.

याचा अर्थ शाळेतले वर्ग वाया आहेत असा नाही. समग्र शिक्षा योजनेत राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींसाठी ते तीन महिन्यांचे असते. पकड सोडवणे, मोठ्याने ओरडणे, अंग चपळ करणे यांचा उपयोग होतोच. पण तीन महिन्यांनी कुणी योद्धा होत नाही, हेही मुलींना सांगितले पाहिजे. पकड सोडवायची ती लढण्यासाठी नाही, निसटण्यासाठी.

आपल्या जिल्ह्याची विद्या

मग एकाने अनेकांपासून सुटायचे कसे, हे शिकवणार कोण? त्यासाठी धाराशिवकरांना लांब जायला नको. आपला जिल्हा खो-खोचा आहे. इथल्याच सारिका काळे यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले, २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. गरिबीच्या घरातून, मैदानावरच्या मातीतून ही मुलगी तिथवर पोहोचली.

खो-खोचा डाव जरा या नजरेने पाहा. पाठलाग करणारे नऊ आणि पळणारे एका वेळी तिघे. पळणाऱ्याला खो-खोच्या भाषेत संरक्षक म्हणतात, आणि हा संरक्षक कुणालाही हात लावत नाही. त्याचे संरक्षण म्हणजे न सापडणे. धावणाऱ्याकडे तर त्याचे लक्ष असतेच, पण बसलेल्या आठांपैकी पुढचा खो कुणाला मिळेल याकडेही असते. तो साखळी धरून बसलेल्यांच्या मधून वळतो, हुलकावणी देतो, समोरच्याचा वेग त्याच्याच अंगावर उलटवतो. जो एका जागी थबकला, तो बाद.

अनेकांच्या हल्ल्यातून सुटायलाही हेच लागते. मधोमध उभे राहू नये. सगळे आपल्या एकाच बाजूला येतील असे सरकावे, म्हणजे ते एकमेकांच्याच वाटेत येतात. मधे बाज, मोटारसायकल, भाजीचा गाडा, काहीही आडवे असू द्यावे. हातात पिशवी, दप्तर, ओढणी असेल तर ती चाकू आणि अंग यांच्यामध्ये धरावी. पैसे किंवा मोबाइल मागत असतील तर ते एका बाजूला फेकून दुसऱ्या बाजूला पळावे. आणि पळायचे ते नुसते लांब नव्हे, तर माणसांकडे, उजेडाकडे: चालू दुकान, एस.टी. स्टँड, पेट्रोल पंप.

धक्का देऊन वाट काढावीच लागली तर जो सर्वांत कडेला आहे, ज्याच्या मागे रस्ता मोकळा आहे, त्याच्याच बाजूने काढावी. मधल्या म्होरक्याशी हिशेब चुकवत बसू नये.

आपल्या बऱ्याच घरांत मुलगी सातवी-आठवीत गेली की मैदान सुटते. पूर्ण बाहीचा कुर्ता, पायजमा आणि बांधलेली ओढणी घालून खो-खो खेळता येतो. शिक्षकांशी बोलले की बहुतेक अडचणी सुटतात. हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर आपले प्रेषित (स.) धावण्याची शर्यत लावत, हे हदीसमध्ये आलेले आहे. मग धावणे मुलींना शोभत नाही, हे आपण कुठून आणले?

निसटणे म्हणजे भित्रेपणा नव्हे

मुलांच्या बाबतीत अडचण उलटी असते. "पळून आलास?" हा टोमणा त्यांना चाकूपेक्षा जास्त टोचतो. त्यांना हिजरतची रात्र सांगावी. मक्केत वेगवेगळ्या टोळ्यांच्या हत्यारबंद तरुणांनी प्रेषितांच्या (स.) घराला वेढा घातला होता. ते त्या रात्री लढले नाहीत, शांतपणे बाहेर पडले. मदीना उत्तरेला, पण ते आधी दक्षिणेकडे, सौर पर्वताच्या गुहेत गेले आणि शोध थंडावेपर्यंत तीन रात्री तिथे थांबले. ज्यांच्या शौर्याबद्दल कुणाला शंका नाही, त्यांनी वेळ, दिशा आणि सोबती आधी ठरवून वेढ्यातून वाट काढली. मुलाने घरी जिवंत येणे हीच जीत आहे, हे बापाने त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क दिला आहे. स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीराचा बचाव करता येतो. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, बलात्काराचा, अपहरणाचा किंवा ॲसिड फेकण्याचा हल्ला असेल, तर हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. हल्लेखोर पळू लागल्यावर मागे धावून मारले, तर तो बचाव राहत नाही, गुन्हा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात सांगितले आहे की, धोक्यात सापडलेल्या माणसाची प्रत्येक हालचाल सोन्याच्या काट्यावर तोलता येणार नाही.

सोबत हत्यार बाळगण्याचा मोह मात्र टाळावा. सणावाराच्या आसपास महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, त्या काळात साधी काठी बाळगणेही महागात पडते. शिवाय गर्दीत तेच हत्यार हिसकावून आपल्यावर उलटते.

जिथे पळायला वाट नसते

एक कटू गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. बहुतेक जण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती, तेवढे पुरले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले गेले. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

पाच धडधाकट पुरुष होते. त्या खोलीत कोणता डाव त्यांच्या कामी आला असता? शेकडोंच्या जमावासमोर एकट्याचे प्रशिक्षण संपते. तिथे जीव वाचवू शकतो तो जमावातलाच माणूस: अफवा पुढे न पाठवणारा, लगेच ११२ लावणारा, "थांबा, पोलिसांना येऊ द्या" असे ओरडणारा. असा माणूस आपल्या घरातून निघावा, हेही स्वसंरक्षणाचेच शिक्षण आहे. आज जमावाच्या मधोमध परका आहे, उद्या आपला मुलगा असेल.

घरात एवढे करू या

मुलांच्या मोबाइलमध्ये ११२ आणि घरातले दोन नंबर पहिल्या पानावर ठेवा. शेवटच्या एस.टी.ने येणाऱ्याला स्टँडवर घ्यायला कुणीतरी जा. रोजच्या रस्त्यावर उशिरापर्यंत चालू असणारी दुकाने कोणती, हे मुलांना चालत दाखवा. चालताना कानात इअरफोन आणि डोळे मोबाइलमध्ये असतील, तर फाटकाशी आलेली माणसे दिसणार नाहीत.

वार झालाच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. चाकू अंगात रुतला असेल तर उपसू नका.

आणि एखाद्या संध्याकाळी निळीचा खेळ खेळून पाहा. डोळे सांभाळा, सुरळ्या मऊ ठेवा आणि खेप संपली की सगळे मिळून डाग मोजा. आमच्याकडे तो कुर्ता अजून खुंटीला आहे, निळीचे डाग पुरते निघाले नाहीत. जून उजाडला तेव्हा आमची पोर त्याकडे पाहत नानींना म्हणाली, "यंदा मी खो-खोत नाव देणार आहे."

नानींनी अब्बांकडे पाहिले. अब्बा म्हणाले, "बूट घ्यायला शनिवारी जाऊ."