पिल्लांना खुराड्यात केव्हा न्यायचे?





कार्यानुभवाच्या तासासाठी आणलेली कडकनाथची २४ पिल्ले आता साडेचार आठवड्यांची झाली आहेत. मागच्या भांडारखोलीत पुठ्ठ्याच्या कड्यात, दिव्याखाली ती वाढत आहेत. सातवीच्या मुलांचा आग्रह आहे की डिसेंबरअखेरच्या सुटीआधी त्यांना अंगणातल्या नव्या खुराड्यात सोडावे. काही पालकांचेही तेच म्हणणे आहे. खोलीत वास येतो, पिल्ले उड्या मारून बाहेर पडतात, विजेचे बिल वाढते, आणि सुटीत रोज येऊन पाहणार कोण? प्रश्न रास्त आहेत. तरी आम्ही संक्रांतीपर्यंत थांबायचे ठरवले आहे. का, ते नीट सांगितले पाहिजे. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे आमच्या तोंडी आधी ‘चूजे’ आणि ‘दडबा’ येतात. ‘खुराडे’ हा शब्द आम्हाला एका विद्यार्थ्याच्या आजींनी भेट दिला.)

कडकनाथ आपल्या शेजारच्या झाबुआ भागातली कोंबडी. तिकडचे भिल्ल-भिलाला लोक ती पिढ्यान्पिढ्या पाळत आले. चोच, पाय, कातडी, मांस, सगळे काळसर. म्हणून तिला ‘काली मासी’ही म्हणतात. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण या कोंबडीची एक खोड आहे. ती अंडी घालते, पण खुडूक होऊन त्यांवर बसणे तिला फारसे आवडत नाही. म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली किंवा यंत्रात उबवतात, आणि यंत्रातल्या पिल्लांना आईचे पंख मिळतच नाहीत. आपला दिवा म्हणजे ते पंख.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर फक्त लव असते. ती दिसते मऊ, पण थंडी अडवत नाही, आणि ओली झाली तर मुळीच नाही. शरीराची ऊब स्वतः सांभाळण्याची ताकदही पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हळूहळू येते. म्हणून पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश सेल्सियस ऊब ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करतात. मुलांनो, हिशेब करा : दुसरा आठवडा ३२, तिसरा २९, चौथा २६, पाचवा २३, सहावा २०. आता आपल्या वर्गातला तापमापक रात्री अंगणात टांगून पाहा. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र १० अंशांच्या आसपास जाते, कधी त्याहून खाली. पाचव्या आठवड्यातल्या पिल्लाला २३ हवेत आणि अंगणात आहेत १०. ‘शब-ए-मालवा’चे कौतुक आपण सगळे करतो, पण ते अंगावर शाल असणाऱ्यांनी.

हेच पिल्लू मे महिन्यात जन्मले असते तर आमचे उत्तर वेगळे असते. तेव्हा चौथ्या आठवड्यातही बाहेर काढता आले असते, दुपारच्या उन्हापासून आडोसा केला म्हणजे झाले. श्रावणात पुन्हा निराळे, कारण तेव्हा वैरी थंडी नसून ओल असते. ओलसर गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि या वयाची पिल्ले त्याला चटकन बळी पडतात. म्हणून ‘किती आठवड्यांनी?’ या प्रश्नाला पंचांगासारखे एकच उत्तर नाही.

कॅलेंडरपेक्षा पिल्लाकडे पाहावे. पिसे आधी पंखांना आणि शेपटीला फुटतात, मग पाठ आणि छाती भरते. मान आणि पंखांखालची जागा शेवटी. पिल्लू हळूच उचलून पंखाखाली बघा. तिथे लव दिसली तर कोट अजून शिवून झालेला नाही. वागणेही बोलते. सगळी दिव्याखाली गर्दी करून तीक्ष्ण आवाजात ओरडत असली तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून दूर, चोच उघडून, पंख पसरून बसली तर फार गरम होते आहे. सगळी एकाच बाजूला दाटली तर कुठून तरी वाऱ्याची झुळूक येते आहे. मोकळी पसरून बारीक कुजबुज चालली असेल तर सगळे ठीक.

इथे एक सूचना घरी पिल्ले पाळणाऱ्यांसाठी. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब किंवा ऊब देणारा खास दिवाच लागतो. तो नुसत्या वायरवर लोंबकळत ठेवू नये, साखळीने पक्का बांधावा. खाली कोरडे तूस असते, दिवा पडला तर आग लागायला वेळ लागत नाही.

वास आणि उड्या यांवरचा इलाज अंगण नव्हे, जागा आहे. या वयात दर पिल्लाला एक चौरस फूट तरी हवे, म्हणून या शनिवारी आपण कडे मोठे करणार आहोत आणि वर जाळी टाकणार आहोत. तूस बदलू. डोळे चुरचुरतील इतका वास आला तर तो तुमच्या नाकाआधी पिल्लांच्या फुप्फुसांना लागलेला असतो, कारण त्यांचे नाक जमिनीपासून चार बोटांवर.

आता खुराड्याविषयी. ते आठ फूट बाय सहा फूट आहे, म्हणजे दर पिल्लाला दोन चौरस फूट. सध्या पुरेसे आहे. जाळीबाबत मात्र आमचा आग्रह आहे. बाजारात स्वस्त मिळणारी षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. म्हणून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावली आहे. घूस खालून उकरते, यासाठी ती जमिनीत एक फूट पुरली आहे. हवा वरून खेळावी, पिल्लांच्या अंगावर नको, म्हणून झरोके छपराखाली आहेत. वर पत्रा आहे तो केवळ पावसासाठी नाही. डिसेंबर २०२० च्या अखेरीस आपल्या शहरात कावळे मरून पडले होते आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, हे मोठ्यांना आठवत असेल. पुढच्याच महिन्यात झाबुआत कडकनाथच्या एका फार्मवर तो पोहोचला. रानपक्ष्यांची विष्ठा दाण्यापाण्यात पडू नये, हा त्या पत्र्याचा खरा उपयोग. मुलांनीही पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि गालाला लावून लाड करायचे नाहीत.

बदल एका दिवसात होत नाही. सहाव्या आठवड्यापासून दुपारी उन्हात आधी अर्धा तास, मग दोन तास पिल्ले बाहेर आणू. दिवसा दिवा बंद, नंतर रात्रीही. दिव्याशिवाय चार-पाच रात्री खोलीत सुखाने काढल्या, पिसे पूर्ण भरली, की मग कोरड्या जागी त्यांना बाहेरची थंडी सोसते. त्या दिवशी लस टोचलेली नसावी, दाणा बदललेला नसावा, भांडी तीच असावीत. सगळी एकदम आणि सकाळी न्यायची, म्हणजे उजेडात पाणी सापडते. पहिला आठवडाभर दार बंद. तेवढ्यात त्यांना हेच घर असे पटते.

खरा धोका पहिल्या तीन-चार संध्याकाळी. अंधार पडला की घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. थंडीपेक्षा यानेच जास्त घात होतो असे आमचे मत आहे. कोपरे पुठ्ठ्याने गोल करू, मंद दिवा ठेवू. पण कोणीतरी तिथे उभे राहून ढीग मोडावा लागतोच.

विश्वस्तांपैकी एकांनी विचारले, पुढे काय? आपल्यात शाकाहारी घरे बरीच आहेत, त्यामुळे स्पष्ट सांगतो : शाळेत काही कापले जाणार नाही. माद्या राहतील, नर महूकडे शेती असलेल्या एका पालकांकडे जातील, आणि त्यांचे पुढे काय करायचे ते त्यांच्या शेताचा व्यवहार ठरवील. मुलांपासून हे लपवायचे नाही असे आम्हाला वाटते.

सुटीत सकाळ-संध्याकाळ खोलीत येण्यासाठी आमच्या शिपाईमामांबरोबर दोन पालक हवे आहेत. १४ जानेवारीनंतरच्या चार संध्याकाळी, साडेपाच ते साडेसात, चार विद्यार्थी आणि एक मोठे माणूस लागेल. नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. स्वेटर घालून यावे.