संगणकाची वीजपेटी : बिघाड आणि दुरुस्ती

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांत डोंगरकडा नांवाचें गांव आहे. अशा गांवांतील सेवा केंद्रावर पावसाळ्याच्या आरंभीं शेतकऱ्यांची रीघ लागते. सातबाऱ्याचा उतारा, पिकविम्याचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, मुलांची शिष्यवृत्ती, हीं सारीं कामें आतां टेबलावरच्या एका संगणकावाटें होतात, आणि त्यांतील पुष्कळ कामांना शेवटची तारीख असते. अशा दिवशीं वीज जाऊन परत आली आणि संगणक मात्र जागा झालाच नाहीं, तर केंद्र चालविणाऱ्याच्या तोंडचें पाणी पळतें. यंत्र जळलें, आंतली माहिती गेली, आतां नवा संगणक घ्यावा लागणार, असे तर्क सुरू होतात. वास्तविक पुष्कळदां बिघडलेला असतो तो संगणक नव्हे, तर त्याच्या पाठीमागच्या कोपऱ्यांत बसविलेली, त्याला वीज पुरविणारी पत्र्याची पेटी. बाजारांत तिला एसएमपीएस म्हणतात. शहरांतील घरोघरींही ती असते. पण ती बंद पडेपर्यंत तिच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

या पेटीचें काम काय, तें आधीं पाहिलें पाहिजे. घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असून ती सेकंदाला ५० आवर्तनें करते, म्हणजे सतत दिशा पालटीत असते. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र एकाच दिशेनें वाहणारी, १२, ५ आणि ३.३ व्होल्ट इतक्या अल्प दाबाची वीज लागते. जुन्या रेडिओंत हें रूपांतर लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्स्फॉर्मर करीत असे. वीजपेटीची रीत निराळी आहे. ती आलेली वीज प्रथम डायोडांच्या साह्यानें एकदिश करते. २३० हा आकडा एका प्रकारच्या सरासरीचा आहे. विजेच्या लाटेचें शिखर ३२५ व्होल्टपर्यंत चढतें. म्हणून एकदिश झालेली वीज सुमारें ३२५ व्होल्ट दाबानें मोठ्या कपॅसिटरांत सांठते. कपॅसिटर म्हणजे जुन्या रेडिओवाल्यांचा कंडेन्सर. विजेचा रांजणच तो. पुढें ट्रान्झिस्टर या सांठ्याचे सेकंदाला हजारों वेळां तुकडे करतात. आवर्तनें जितकीं अधिक, तितका ट्रान्स्फॉर्मर लहान पुरतो. त्यामुळें येथें मुठींत मावणारा ट्रान्स्फॉर्मर चालतो. शेवटीं ही वीज पुन्हां एकदिश करून लहान कपॅसिटरांतून जणूं गाळून संगणकास दिली जाते. १९७७ सालच्या ॲपल-२ या संगणकासाठीं रॉड होल्ट यांनीं याच तत्त्वावर हलकी व थंड राहणारी पेटी तयार केली होती. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें एटीएक्स नांवाचें मानक ठरविलें आणि तारांचे रंगही त्यांत नेमले गेले. ही गोष्ट दुरुस्ती करणाऱ्याला फार उपकारक ठरली आहे.

पेटी बिघडते ती बहुधा उष्णतेनें. कपॅसिटरांत द्रवरूप रसायन असतें आणि तें तापून हळूहळू सुकतें. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं कपॅसिटरचें आयुष्य अर्धें होतें, असा ठोकळ नियम आहे. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ८५ अंशांवर ८,००० तास आणि ६५ अंशांवर ३२,००० तास टिकावा, असा हिशेब निघतो. रोज दहा तास काम धरलें तर पहिला कपॅसिटर सव्वादोन वर्षांच्या आंत संपेल. दुसरा जवळजवळ नऊ वर्षें जाईल. दोहोंत अंतर केवळ वीस अंशांचें! मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत खोलीच तापलेली असते. त्यांत पंख्याच्या पात्यांवर धूळ बसली, तर हे वीस अंश कसे वाढले तें कळतही नाहीं. शिवाय शेतीचे पंप सुरू झाले कीं दाब उतरतो, आणि तितकेंच काम करण्यासाठीं पेटी अधिक प्रवाह ओढून अधिक तापते. गेलेली वीज परत येते तेव्हां दाबाचा झटका बसण्याचें भय असतें तें वेगळेंच.

चांगल्या पेटींत या संकटांची तरतूद केलेली असते. विजेंतील खळबळ अडविणारीं वेटोळीं, झटका स्वतःवर घेणारा व्हॅरिस्टर, जाड ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पुरेशा क्षमतेचे कपॅसिटर, हे सारे भाग तींत असतात. अतिशय स्वस्त पेटी उघडली तर यांतील कित्येक भागांची जागा छापील पाटीवर आंखलेली दिसते. पण भाग बसविलेला नसतो, किंवा त्याऐवजीं तारेचा एक तुकडा जोडलेला असतो. बाहेरच्या चिठ्ठीवर मात्र ४५० वॅट असें ठळक छापलेलें असतें. दिसतें तसें नसतें, म्हणूनच येथें थोडें गणित करावें. संगणकाचा मुख्य भार १२ व्होल्टच्या तारेवर असतो. त्याच चिठ्ठीवर १२ व्होल्टपुढें १४ अँपिअर लिहिलें असेल, तर त्या तारेवर मिळणारी शक्ति १२ गुणिले १४, म्हणजे अवघी १६८ वॅट होय.

परीक्षेचा क्रम बाहेरून आंत जाणारा असावा. जेथें संगणक लावला त्याच जागीं टेबलावरचा दिवा लावून वीज येते कीं नाहीं, हें प्रथम पाहावें. मग जोडतार बदलून पाहावी. पेटीच्या पाठीमागचें बटण चालू आहे का, हेंही पाहावें. कांहीं पेट्यांवर ११५ आणि २३० असा लाल खटका असतो. तो आपल्याकडे २३० वरच हवा. चुकून ११५ वर राहिल्यास आंतील कपॅसिटरांवर दुप्पट दाब येऊन ते फुटतात.

एवढ्यानें उलगडा न झाल्यास वीज तोडून पेटीचे सर्व जोड संगणकापासून सोडवावेत. म्हणजे पेटी दोषी ठरली तरी संगणक सुरक्षित राहतो. पुढची परीक्षा पेटी बंदच ठेवून, जोडाच्या टोकांशीं मल्टीमीटर लावून करावयाची असते. वीज लावतांच जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. ही पेटीची झोपेंतली वीज होय, आणि संगणक बंद असतांनाही ती चालू असते. ती मुळींच नसेल, तर बिघाड आरंभींच्या भागांत आहे. ती ५.२५ व्होल्टच्या वर गेली असेल, तर ती पेटी संगणकाला पुन्हां जोडूं नये. जुन्या स्वस्त पेट्यांत एखादा चिमुकला कपॅसिटर सुकून हा दाब बेफाम वाढतो आणि तोच मदरबोर्डाचा घात करतो.

जांभळी तार ठीक असेल, तर हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेशीं लहानशा तारेनें जोडावी. हीच खूण एरव्हीं संगणक पेटीला देतो. पंखा फिरूं लागला कीं पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्यावर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यावेत. करड्या तारेवर सुमारें ५ व्होल्ट आले, म्हणजे पेटी स्वतःच सर्व ठीक असल्याची ग्वाही देते. मात्र भारावांचून घेतलेली ही परीक्षा अपुरी असते. एखादी जुनी, निरुपयोगी हार्ड डिस्क जोडून दाब पुन्हां मोजावा. भार पडतांच दाब कोसळत असेल, तर कपॅसिटर थकले असें समजावें. आणि दाब सर्वत्र स्थिर असेल, तर पेटी निर्दोष मानून संगणकाचे भाग एकेक करून जोडीत दोष अन्यत्र शोधावा.

येथपर्यंतचें काम कोणताही सावध गृहस्थ करूं शकेल. यापुढें पेटी उघडावी लागते, आणि तेथें प्राणाशीं गांठ आहे. वीज तोडल्यावरही आंतल्या कपॅसिटरांत ३२५ व्होल्टचा सांठा राहूं शकतो. तो कांहीं मिनिटांत निवावा म्हणून रेझिस्टन्स बसविलेले असतात; परंतु तेच तुटले असतील तर सांठा बराच काळ टिकतो. म्हणून जोडतार काढून दहा मिनिटें थांबावें, मग मोठ्या कपॅसिटरांचा दाब मीटरनें मोजावा, आणि तो उरला असल्यास दोन हजार ओहमच्या आसपासच्या, दहा वॅटच्या रेझिस्टन्समधून उतरवावा. पेचकसानें ठिणगी पाडून तो उतरविण्याची संवय घातक आहे. उघड्या पेटीला वीज लावून आंत मोजमाप करणें हें केवळ जाणकाराचें काम होय.

पेटी उघडल्यावर प्रथम धूळ झाडावी आणि पंखा हातानें फिरवून पाहावा. पुष्कळदां एवढेंच काम असतें. नंतर कपॅसिटरांचीं डोकीं पाहावीं. सपाट असावयाचें डोकें फुगलें असेल किंवा तेथें तपकिरी खरकटें दिसत असेल, तर तो कपॅसिटर बदलावा. नवा घेतांना क्षमता तीच, व्होल्ट तितकेच किंवा अधिक, उष्णतेचा अंक १०५ आणि अंतर्गत रोध अल्प, असाच मागावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्यांत पासोड्या विठोबाच्या परिसरांत असे भाग मिळतात. कपॅसिटरवरची पट्टी ऋण टोंक दाखविते. तो उलटा बसला तर फुटतो.

फ्यूज गेला असेल तर त्याची कांच वाचावी. तार नुसती तुटलेली असल्यास कारण किरकोळ असूं शकतें. कांच काळी पडली असल्यास आंत डायोड किंवा ट्रान्झिस्टर जोडले जाऊन मोठा प्रवाह धांवला, हें निश्चित. तेव्हां नुसता नवा फ्यूज घालणें व्यर्थ, आणि फ्यूजच्या जागीं तार गुंडाळणें म्हणजे आगीला आमंत्रण देणें. जुने कारागीर अशा वेळीं पेटी शंभर वॅटच्या तारेच्या दिव्यामागें, म्हणजे सिरीजमध्यें, लावून पाहतात. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तेजस्वी राहिला तर बिघाड अजून आंत आहे. या कामीं एलईडी दिवा चालत नाहीं.

मात्र दुरुस्तीलाही एक सीमा आहे. जो भाग बिघडला तो बदलतां येतो. जो भाग कारखान्यांत घातलाच नाहीं त्याची दुरुस्ती कशी व्हावी? सुकलेला कपॅसिटर काढून नवा बसविला, तरी झटका अडविणारा भाग नसलेली पेटी पुढच्या झटक्याला पुन्हां उघडीच राहते. म्हणून पाटी काळी पडलेली, ट्रान्स्फॉर्मर जळल्याचा वास येणारी, किंवा वर सांगितलेले संरक्षक भाग मुळांतच नसलेली पेटी दुरुस्तीस घेऊं नये. ती भंगारांतही टाकूं नये. १ एप्रिल २०२३ पासून देशांत ई-कचऱ्याचे नवे नियम लागू असून असा माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जाणें अपेक्षित आहे. चांगल्या घडणीची पेटी मात्र एका कपॅसिटरपायीं फेंकून देणें हा अपव्यय होय.

डोंगरकड्यासारख्या गांवीं सुटा भाग हातांत पडण्यास एखादा दिवस सहज जातो, आणि शेवटच्या तारखेला तोच एक दिवस फार मोलाचा असतो. त्यामुळें तेथें सर्वांत शहाणपणाची दुरुस्ती बिघाडापूर्वींच होते : वर्षांतून दोनदां धूळ झाडणें, खरें अर्थिंग करून घेणें, दाब सांभाळणारें साधन लावणें, वीज गेली कीं संगणकाची जोडतार काढून ठेवणें, आणि कागदपत्रांची एक प्रत दुसरीकडे जपणें. पेटी गेली तर बाजारांतून दुसरी आणतां येते. पण दाब चढलेल्या पेटीनें हार्ड डिस्क जाळली, तर तिच्यांत सांठविलेलीं गांवाचीं कागदपत्रें कोणत्याही दुकानांत विकत मिळत नाहींत.