आज्ञावलीतील नावे आणि देवनागरी वर्ण

संगणकाची आज्ञावली लिहिताना तीत साठवावयाच्या प्रत्येक माहितीला एक नाव द्यावे लागते. घरपट्टीच्या रकमेला ‘घरपट्टी’, गावाच्या नोंदीला ‘गावाचे_नाव’ अशी ही नावे असू शकतात. संगणकाच्या परिभाषेत त्यांना ‘आयडेंटिफायर’ म्हणतात. त्यांत कोणते वर्ण ग्राह्य धरावेत, याचे नियम प्रत्येक संगणकीय भाषेने घालून दिलेले आहेत.

१९७० च्या दशकात तयार झालेल्या ‘सी’ भाषेत मुळात रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच वर्ण मान्य होते. आरंभी अंक वर्ज्य होता. कारण पुढे संख्या आहे की नाव, हे पहिल्या वर्णावरूनच ठरावे लागते. शब्दांमधील मोकळी जागा व आडवी रेघ आजही चालत नाही. अशी रेघ वजाबाकीचे चिन्ह समजली जाते.

जगातील लिप्यांच्या वर्णांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोड प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. त्याच्या आधारे २००८ मध्ये आलेल्या ‘पायथन ३’ने अशा नावांत देवनागरीला प्रवेश दिला. त्यात स्वर वा व्यंजन आरंभी येऊ शकते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त व देवनागरी अंक त्यानंतरच येतात. २००९ मध्ये जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेत मात्र काना-मात्रेची गणना अक्षरांत होत नाही. त्यामुळे तेथे ‘घर’ हे नाव चालते, ‘गाव’ चालत नाही.

मराठीची खरी अडचण ‘शेतकऱ्याचे_नाव’ यासारख्या नावात येते. त्यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो. एकात ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण असतो. दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तथापि, पायथन दुसरा प्रकार नाकारतो, तर ‘जावास्क्रिप्ट’ दोन्ही स्वीकारून त्यांना दोन भिन्न नावे समजते. परिणामी एका नावाखाली साठविलेली नोंद दुसऱ्याखाली सापडत नाही.

नाव ग्राह्य आहे की नाही, हे तपासण्याची सोय पायथनमध्येच आहे. मराठी नावे वापरताना प्रथम ही तपासणी करावी आणि ‘ऱ’ सर्वत्र एकाच पद्धतीने टंकित करावा. एवढी दक्षता घेतल्यास डोळ्यांना न दिसणारी ही चूक टाळता येईल.